समाजभवनातली लॅन स्पर्धा आणि अ‍ॅरेलिस्टसोबतचे सात आठवडे

मी नागपूरच्या धरमपेठेतल्या एका सीए ऑफिसात जीएसटीची रिटर्न भरते. प्रोग्रामिंग म्हणाल तर बी.कॉम.ला असताना सहा महिने सी शिकले होते, तेवढंच. यंदा एप्रिल-मेमध्ये आमच्या लेआउटमधल्या पोरांसाठी टीम फोर्ट्रेस २ या नेमबाजीच्या खेळाची लॅन स्पर्धा (एकाच जागी केबलने जोडलेल्या कॉम्प्युटरांवरची) भरवली आणि गुण मोजणारं प्लगइन, म्हणजे खेळाच्या सर्व्हरला जोडायचं छोटं जोडकाम, मीच लिहिलं. त्यात कुठे कुठे अडकले ते तारखांसकट लिहून ठेवतेय. सोर्समॉडवर (अशी प्लगइन चालवणाऱ्या सोयीवर) पहिल्यांदाच खेळाडूंची माहिती साठवायला बसलेल्या कुणाला तरी उपयोग होईल.

हा खेळ २०११ पासून फुकट आहे आणि जुन्या कॉम्प्युटरवरही चालतो, म्हणून तो निवडला. सर्व्हर, म्हणजे सगळ्यांचा खेळ चालवणारा प्रोग्राम, स्टीमसीएमडी या स्टीमच्या डाउनलोड करायच्या साधनावरून उतरवता येतो. अ‍ॅप क्रमांक २३२२५०. आसपासचे बरेच क्रमांक एकसारखे दिसतात, तेव्हा नीट बघून टाका. लॉगिन अनॉनिमस चालतं. त्यावर मेटामॉड (सोर्समॉडला लागणारा पाया), मग सोर्समॉड. मला यात एक संध्याकाळ गेली.

खरी सुरुवात ६ एप्रिलच्या रविवारी झाली. आमच्या हॉलमध्ये सहा मशीन लावल्या होत्या, कूलर फुल स्पीडवर. दुपारी दोनच्या सुमारास लाइट गेली. लॅपटॉपवाली पोरं खेळतच राहिली, डेस्कटॉपवाली तीन बाहेर फेकली गेली. लाइट आल्यावर ती परत जोडली गेली तेव्हा खेळातल्या तक्त्यावर त्यांचे गुण शून्य झालेले. माझं त्या वेळचं प्लगइन खेळाडूच्या क्लायंट इंडेक्सप्रमाणे गुण ठेवायचं. हा इंडेक्स म्हणजे सर्व्हरने दिलेली खुर्ची. एक जण उठला की ती दुसऱ्याला मिळते. परत येताना क्रम बदलला आणि अकरा वर्षांच्या एका मुलीचे २३ किल (किती जणांना मारलं तो आकडा) माझ्या भावाच्या नावावर गेले.

"ताई, माझे पॉइंट त्याले कायले देले?" एवढंच ती म्हणाली आणि रडत घरी गेली. तिच्या आईला संध्याकाळी मी सांगितलं, काकू, मशीनने चूक केली, मी दुरुस्त करते. पण चूक मशीनची नव्हती. ती खुर्चीच्या नंबरावर हिशोब लिहिण्याची होती, आणि तो तसा मीच लिहिला होता.

त्या वेळी माझ्याकडे आठ वेगवेगळे अ‍ॅरे, म्हणजे आकड्यांच्या याद्या, होत्या. एकात किल, एकात डेथ, एकात डॅमेज, एकात खेळलेला वेळ, असे. नवीन काही मोजायचं ठरलं की नवा अ‍ॅरे करायचा, मग तो खेळाडू गेल्यावर कुठे कुठे पुसायचा ते शोधायचं. दोन ठिकाणी पुसायचं राहूनच गेलं होतं. एका माणसाची माहिती आठ वह्यांत विखुरलेली असली की हे होणारच. ऑफिसात एका पार्टीचं खातं आठ रजिस्टरांत कुणी लिहीत नाही.

सोर्सपॉनमध्ये, म्हणजे प्लगइन लिहायच्या भाषेत, यावर उपाय आहे, एनम स्ट्रक्ट. सोर्समॉड १.१० पासून तो मिळतो. एका खेळाडूचं एक कार्ड कल्पा: क्रमांक, नाव, किल, डेथ, डॅमेज, वेळ. हे कार्ड म्हणजे एनम स्ट्रक्ट. आणि ही कार्डं ज्या डब्यात एकामागोमाग ठेवायची, जो गरजेप्रमाणे वाढतो, तो अ‍ॅरेलिस्ट. साधा अ‍ॅरे किती मोठा हे आधी ठरवावं लागतं, अ‍ॅरेलिस्टला तशी अट नाही. नेटवर शोधताना एक सांभाळा: स्ट्रक्ट येण्याआधीच्या काळात लोक साध्या एनममध्येच अ‍ॅरे घुसवून हे काम करायचे. ती जुनी उदाहरणं अजून सगळीकडे सापडतात. दोन्ही पद्धती मिसळू नका, मी मिसळल्या आणि दोन दिवस कम्पायलरशी भांडत बसले.

आता कार्ड ओळखायचं कशाने? पहिला विचार अर्थातच स्टीम आयडीचा, म्हणजे खेळाडूच्या स्टीम खात्याच्या क्रमांकाचा. १२ एप्रिलला मी स्ट्रिंगमॅप केला, स्टीम आयडी ही किल्ली आणि कार्ड हा माल. पोरांना बोलावलं, दहा मिनिटं खेळवलं आणि बघते तर संपूर्ण स्ट्रिंगमॅपमध्ये एकच कार्ड. सगळ्यांचे किल एकाच्या नावावर. सर्व्हर निव्वळ लॅनवर चालवला, म्हणजे एसव्ही-लॅन ही सेटिंग १ ठेवली, की प्रत्येकाची ओळख 'स्टीम आयडी लॅन' हीच येते. बारा जणांचं नाव एकच. घरातल्या घरात स्पर्धा घेणाऱ्या प्रत्येकाने हे आधी लक्षात घ्यावं.

म्हणून क्रमांक आम्हीच वाटले. एका वहीत नाव लिहिलं, पुढे १ ते १२ आकडा, समोर सही. खेळात शिरल्यावर चॅटमध्ये उद्गारचिन्ह, 'नंबर' आणि आपला आकडा टाकायचा. प्लगइनमध्ये कन्सोल कमांड नोंदवताना नावाआधी 'एसएम' आणि अधोरेख लावला की चॅटमधलं हे आपोआप चालतं. एक नंबर एका वेळी दोघांनी टाकला तर दुसऱ्याला नकार. ही वही शेवटपर्यंत कामी आली.

यानंतरचे तीन दिवस मला सगळ्यात जड गेले. अ‍ॅरेलिस्ट केला, कार्ड भरलं, पुशअ‍ॅरेने डब्यात टाकलं. कुठेही एरर नाही. बाहेर काढलं तर क्रमांक बरोबर, बाकी सगळं शून्य, नाव रिकामं. ऑफिसातून सातला घरी यायचं, जेवायचं आणि अकरापर्यंत हेच. आई म्हणाली, "काय करून राह्यली वं रोज रोज? डोळे जातील." १७ एप्रिलला रात्री कळलं. अ‍ॅरेलिस्ट बनवताना कंसात काही दिलं नाही तर त्याचा प्रत्येक कप्पा एकाच सेलचा असतो. सेल म्हणजे ३२ बिटांची एक जागा. माझं कार्ड कितीतरी सेलचं आणि कप्पा एकाचा. तो पहिला सेल ठेवून घेतो आणि उरलेलं गपचूप सोडून देतो. पहिला सेल क्रमांकाचा होता म्हणून तेवढाच वाचला. बनवताना कंसात साइझ-ऑफ आणि स्ट्रक्टचं नाव एवढंच लिहायचं होतं. स्वतः सेल मोजून आकडा लिहू नका. उद्या कार्डात एक ओळ वाढवलीत की तो आकडा खोटा ठरेल, साइझ-ऑफ ठरणार नाही.

पुढचा अडथळा मात्र मला अर्ध्या तासात कळला, कारण तो माझ्या रोजच्या कामातला होता. गेटअ‍ॅरेने कार्ड काढलं, किल एकने वाढवले, पुढच्या वेळी काढलं तर पुन्हा जुनाच आकडा. गेटअ‍ॅरे मूळ कार्ड देत नाही, त्याची झेरॉक्स देतो. सातबाराच्या झेरॉक्सवर तुम्ही पेनाने कितीही दुरुस्ती करा, तलाठ्याच्या दप्तरात काही बदलत नाही. दुरुस्त केलेलं कार्ड सेटअ‍ॅरेने त्याच जागी परत ठेवावं लागतं. काढा, बदला, परत ठेवा. हे तिन्ही मी कागदावर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलं होतं. एकच आकडा बदलायचा असेल तर पूर्ण कार्ड काढायचीही गरज नाही. गेट आणि सेट यांना ब्लॉक म्हणून एक जास्तीची किंमत देता येते. तिथे स्ट्रक्टचं नाव, दोन कोलन आणि फील्डचं नाव लिहिलं की थेट त्याच घरात वाचता-लिहिता येतं. फाइंडव्हॅल्यूलाही तशीच ब्लॉकची सोय आहे: क्रमांकाच्या घरात ७ कुठे आहे ते शोध, आणि तो ओळीचा इंडेक्स देतो. सापडलं नाही तर उणे एक. हे उणे एक तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर लॉगमध्ये 'इनव्हॅलिड इंडेक्स' असं येतं आणि ते फंक्शन तिथेच थांबतं. लॉग सोर्समॉडच्या लॉग्ज फोल्डरमध्ये, एरर्स आणि पुढे तारीख अशा नावाने रोजचा वेगळा असतो. मी रोज सकाळी चहासोबत तो उघडायचे.

दरम्यान जागेचं बघायचं होतं. घरच्या हॉलमध्ये बारा मशीन मावत नाहीत. लेआउटचं समाजभवन मिळेल का म्हणून २१ एप्रिलला अर्ज दिला. अर्ज दोन प्रतींत न्या आणि एकीवर पोच घ्या. माझी पहिली प्रत तिथे कुणालाच सापडली नाही आणि पोचेमुळेच काम पुढे सरकलं. कार्यक्रमाचं स्वरूप म्हणून मी 'संगणक क्रीडास्पर्धा' लिहिलं. सचिवकाकांनी विचारलं, "जुगाराचं तर नाही ना पोरी काही? पैसे लावून?" प्रवेशफी नाही, बक्षीस म्हणून पुस्तकं, असं अर्जातच लिहून द्या म्हणाले. दिलं. मंजुरी यायला अठरा दिवस लागले. ९ मेला पत्र हातात आलं: दोन दिवसांचं भाडं १,५०० रुपये, अनामत १,०००, वीज मीटरच्या रीडिंगप्रमाणे वेगळी, रात्री नऊला कुलूप. रीडिंगचा फोटो आपणही आधी आणि नंतर काढून ठेवावा.

त्याच आठवड्यात बर्डीच्या बाजारातून केबल आणली, ४० मीटर, २२ रुपये मीटरने, आणि कनेक्टर. सोळा पोर्टचा स्विच एका पोराच्या वडिलांच्या दुकानातून दोन दिवसांसाठी मिळाला. क्रिम्पिंग टूल मामेभावाचं. दिवसाला दहा-बारा टोकं करता येतात, अंगठा सुजतो.

टेस्टिंगसाठी रोज बारा पोरं कुठून आणणार? खेळातले बॉट (कॉम्प्युटरच चालवतो ते खेळाडू) बोलवा, टीएफ-बॉट-अ‍ॅड ही कमांड आहे. बॉट चॅटमध्ये नंबर टाकत नाहीत, म्हणून त्यांना मी ९०१ पासून पुढचे क्रमांक प्लगइनमधूनच दिले. रात्री अकरा बॉट सोडून झोपायचे, सकाळी बेरीज बघायची: सगळ्यांचे किल आणि सगळ्यांचे डेथ यांचा ताळा लागतो का. सवय ऑफिसची, पण फार कामाची निघाली. पहिल्या सकाळी डेथ जास्त होते, किल कमी. कारण सोपं: उंचावरून पडून मेला तर मारणारा कुणी नसतो. त्या वेळी अटॅकरचा क्रमांक शून्य येतो आणि शून्य हा इंडेक्स सर्व्हरचा स्वतःचा असतो. स्वतःच्याच रॉकेटने मेला तर मारणारा आणि मेलेला एकच. हे दोन्ही वेगळे काढले.

मग पोरं खेळली तेव्हा वेगळंच झालं, तक्त्यात न मेलेल्याचेही डेथ वाढले. स्पाय या पात्राकडे एक घड्याळ असतं. त्याने तो मेल्याचं सोंग करतो आणि सर्व्हर त्या सोंगासाठीसुद्धा प्लेअर-डेथ हाच इव्हेंट (खेळाडू मेल्याची सूचना) पाठवतो. खरं-खोटं कळायला त्या इव्हेंटमधलं डेथ-फ्लॅग्ज बघायचं, ३२ चा बिट लागलेला असेल तर ते सोंग. हा एक बिट तपासला आणि ताळा लागला. आकड्यांची बेरीज जुळते तेव्हा जो शांतपणा वाटतो तो मला मार्चएंडलाही तसाच वाटतो.

नावांची भानगड १४ मेला कळली. रडत गेलेली ती मुलगी परत यायला लागली होती, आणि तिने खेळातलं नाव ठेवलं होतं 'नागपूरची राणी'. माझ्या फाइलमध्ये छापून आलं 'नागपूरची रा'. नावासाठी मी ३२ जागा ठेवल्या होत्या. पण त्या ३२ जागा अक्षरांच्या नसतात, बाइटच्या असतात, आणि त्यातली एक शेवटच्या शून्याला जाते. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना वेगळा, वेलांटी वेगळी, हलंत वेगळा. 'नागपूरची' ८ चिन्हांची म्हणजे २४ बाइट, एक बाइट स्पेसचा, 'र' आणि काना मिळून ६. झाले ३१, डबा भरला. सोर्समॉडमध्ये मॅक्स-नेम-लेंग्थ म्हणून तयार स्थिरांक आहे, तो आता १२८ आहे. स्ट्रक्टमध्ये तोच लिहा. जुन्या उदाहरणांमधला ३२ उचलू नका. इंग्रजी नावं ठेवणाऱ्यांना ही अडचण कधी दिसतच नाही, म्हणून ती उदाहरणं तशीच राहिली असावीत.

१७ मेला शनिवारी रंगीत तालीम ठेवली. सकाळी तर्री पोहे खाऊन बारा जण हजर. सव्वा तास सगळं सुरळीत, आणि मग गुण पुन्हा भलत्याच्या नावावर जायला लागले. सहा एप्रिलला जे झालं तेच, सहा आठवड्यांनी. मी खेळ थांबवला आणि पोरांना खरं सांगितलं की कुठेतरी चुकतंय, आज इथेच संपवू. कुणी काही बोललं नाही, केबल गुंडाळायला मदत केली.

रात्री बसून शोधलं. वेग वाचवायला म्हणून मी प्रत्येक क्लायंटसाठी 'याचं कार्ड डब्यात कितव्या ओळीवर आहे' हे लक्षात ठेवत होते. आणि एका पोराने पहिल्यांदाच क्रमवारीची कमांड टाकली, जी सॉर्टकस्टमने डब्याची गुणांप्रमाणे मांडणी करते. कार्डं हलली, माझ्याकडचे ओळींचे आकडे जुनेच राहिले. तिसऱ्या ओळीवर आता दुसऱ्याच कुणाचं कार्ड. बॉट कधी क्रमवारी विचारत नाहीत, म्हणून रात्रीच्या टेस्टिंगमध्ये हे आलंच नाही. ओळीचा आकडा ही ओळख नव्हे. कार्ड काढून टाकलं तरी हेच होतं: इरेझ केलं की खालची सगळी कार्डं एकेक ओळ वर सरकतात. म्हणूनच लूप फिरवत कार्डं काढायची असतील तर शेवटाकडून सुरुवात करावी, नाहीतर मधली एकेक सुटतात.

दुरुस्ती दोन ठिकाणी केली. ओळ लक्षात ठेवणं बंद केलं. दर वेळी वहीतल्या क्रमांकावरून फाइंडव्हॅल्यूने शोधायचं. बारा कार्डांत शोधायला सर्व्हरला काहीच वेळ लागत नाही, मी उगाच वेळ वाचवत होते. आणि क्रमवारीसाठी मूळ डब्याला हात न लावता क्लोनने प्रत काढून तिची मांडणी केली. यातही एक राहिलं होतं. क्लोन म्हणजे नवा हँडल (मेमरीतल्या डब्याची किल्ली). काम झाल्यावर डिलीट केला नाही तर तो मेमरीत पडून राहतो. कन्सोलमध्ये एसएम-डंप-हँडल्स आणि पुढे फाइलचं नाव दिलं की कोणत्या प्लगइनचे किती हँडल उघडे आहेत याची यादी मिळते. माझ्या नावावर एका संध्याकाळचे ६४ सेलअ‍ॅरे (यादीत अ‍ॅरेलिस्टचं हेच नाव) होते, असायला हवा होता एक. डिलीटची ओळ घातली, यादी परत काढली, एक.

प्रत्येक खेळाडूच्या कार्डात हत्यारांचा आणखी एक अ‍ॅरेलिस्ट ठेवावा असंही मनात होतं. ते सोडलं. कार्डाची प्रत निघाली तरी आतल्या डब्याची प्रत निघत नाही, फक्त त्याच्या किल्लीची निघते, आणि कार्ड काढून टाकताना आतला डबा आधी आठवणीने मोकळा करावा लागतो. स्पर्धा आठवड्यावर आली असताना हे नको होतं.

उरलेलं काम म्हणजे लाइट. डब्यातलं सगळं मेमरीत असतं, सर्व्हर बंद की संपलं. सर्व्हर लॅपटॉपवर ठेवला, आणि प्लगइन दर ३० सेकंदांनी सगळी कार्डं एका साध्या फाइलमध्ये लिहायला लागलं, एका ओळीत एक, मधे टॅब. सुरू होताना तीच फाइल वाचून डबा भरतो. सोर्समॉडसोबत एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस येतो, मोठ्या कामाला तेच बरं. पण फाइल उघडून डोळ्यांनी वाचता येत होती, बारा जणांसाठी मला ती सोय जास्त मोलाची वाटली.

२४ आणि २५ मे, शनिवार-रविवार. दुसऱ्या दिवशी नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला. समाजभवनातले दोन कूलर आणि घरून नेलेला एक, वाळ्याच्या ताट्या ओल्या करत होतो. शनिवारी चारच्या सुमारास लाइट गेली, स्विचही बंद पडला, बारा जण बाहेर. वीस मिनिटांनी आली. पोरांनी आत शिरून आपापला नंबर टाकला आणि मी लॅपटॉपवर बघत होते: एक, चार, नऊ, बारा, ज्याचे त्याला. सात नंबर, म्हणजे 'नागपूरची राणी', सगळ्यात शेवटी आली, ४१ किल. तिने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, ती खेळायला लागली.

एकूण खर्च: भाडं १,५००, केबल ८८०, कनेक्टर २४०, वीज २८६, पुस्तकं १,१५०. अनामत २ जूनला पोच दाखवून परत मिळाली. अंतिम यादी समाजभवनाच्या फलकावर लावली आहे, वहीतल्या सह्यांच्या झेरॉक्ससकट. 'नागपूरची राणी' चौथी आली.